बिनविरोध

मी आयुष्यात एकदाच कुणाला राजकीय सल्ला दिला. विचारलं म्हणून दिला हे खरं, पण विचारलं तरी माणूस ‘मला यातलं काही कळत नाही’ असं म्हणू शकतो. मी तसं म्हणालो नाही. मला त्यातलं सगळं कळतं अशी माझी त्या वेळी पक्की समजूत होती.

मी भूल देणारा डॉक्टर. इंग्लंडात रीडिंगच्या बाजूच्या एका हॉस्पिटलात माझी सव्वीस वर्षं गेली. ऑपरेशन थिएटरमध्ये भूलवाल्या डॉक्टरच्या शेजारी एक मदतनीस कायम उभा असतो. सकाळी मशीन तपासणं, नळी हातात देणं, औषध भरताना लेबल मोठ्यानं वाचून घेणं ही त्याची कामं. पेशंट झोपला आणि सर्जननं सुरी हातात घेतली की त्याला आणि मला मशीनशेजारी बसून राहायचं असतं, कधी तासभर तर कधी सहा तास. अशा वेळी माणसं बोलतात. माझ्याबरोबर गेली अकरा वर्षं जो होता, तो आफ्रिकेतल्या एका देशाचा. देशाचं नाव लिहीत नाही, कारण त्याची माणसं अजून तिथे राहतात. तिथेही इंग्रजांचंच राज्य होतं, आणि ते आपल्याकडून गेल्यावर बऱ्याच वर्षांनी तिथून गेलं, एवढं सांगितलं तरी पुरे.

तो माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. बेसिंगस्टोकला राहायचा आणि पहाटेची ट्रेन पकडून माझ्या आधी हजर असायचा. इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच, पण त्याचं बोलणं मराठीत लिहिताना माझ्या हातून ‘तुम्ही’च उतरतं, कारण त्याचा सूरच तसा होता. आमचं जमायचं. एकाच साहेबाच्या घरातून वेगवेगळ्या साली बाहेर पडलेले दोन नोकर एकमेकांना जसे ओळखतात, तसं काहीसं. शाळेत दोघांनाही डॅफोडिल्सच्या फुलांवरची इंग्रजी कविता शिकवलेली होती, आणि इथे येईपर्यंत दोघांनीही ते फूल पाहिलेलं नव्हतं.

आपल्या देशाबद्दल तो कमी बोलायचा, पण बोलला की नेमकं बोलायचा. त्याचे वडील कलेक्टर कचेरीसारख्या कुठल्याशा कचेरीत कारकून होते. स्वातंत्र्य मिळालं त्या दिवशी साहेबाच्या बंगल्यावरचा झेंडा उतरवून घडी करायचं काम त्यांच्याकडे आलं होतं, आणि ते घरी येऊन रडले होते. आनंदानं रडले, तो म्हणायचा. पहिली निवडणूक झाली, लोक दोन-दोन दिवस रांगेत उभे राहिले. दुसरी झाली. तिसरीला समोर उभे राहणारे उमेदवारच उरले नाहीत. ज्या पक्षानं स्वातंत्र्य आणलं तो पक्षच पुढची सगळी वर्षं राज्य करत होता, आणि पक्षाचा माणूस जिल्ह्यात आला की शाळेची पोरं ओळीत उभी करून टाळ्या वाजवून घेतल्या जात. साहेबाच्या काळात साहेब गावचा मुखिया नेमायचा तेव्हाही लोक टाळ्याच वाजवायचे. “टाळ्या आमच्याकडे फार छान वाजतात, डॉक्टर,” असं तो एकदा म्हणाला होता. मी हसलो होतो.

या माणसाला एक थोरली बहीण होती. आई लवकर गेल्यामुळे तिनंच त्याला वाढवलेलं. बहीण कसली, आईच. गणितही तिनंच शिकवलं आणि मारही तिनंच दिला. ती तिकडे एका गावच्या शाळेत मुख्याध्यापिका होती. आवाज खणखणीत, म्हणे मैदानाच्या एका टोकाला उभी राहून दुसऱ्या टोकाच्या पोराचा शर्ट खोचून घ्यायची. तिच्या शाळेचं छप्पर वादळात उडालं, ते परत बसवावं म्हणून तिनं चार वेळा अर्ज केले. चारही वेळा काही झालं नाही. पाचव्या वेळी तिनं अर्ज केला तो निवडणुकीला उभं राहण्याचा. त्या पहिल्या दोन निवडणुका सोडल्या, तर तिच्या जिल्ह्यात पक्षाच्या माणसाविरुद्ध कुणी उभं राहिल्याचं जिवंत माणसांपैकी कुणाला आठवत नव्हतं.

ते त्यानं मला सांगितलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर अभिमान होता आणि धसकाही होता. दोन्ही मला दिसत होते. मी अभिनंदन केलं.

आता आमच्या मंडळाबद्दल सांगायला हवं, त्याशिवाय माझ्या सल्ल्याचं मूळ कळणार नाही. रीडिंग, बेसिंगस्टोक आणि आजूबाजूच्या मराठी घरांचं आमचं एक मंडळ आहे. गणपती, संक्रांत आणि दिवाळी पहाट. दिवाळी पहाट सकाळी अकराला, कारण हॉल त्याच्या आधी मिळत नाही. मी तिथे नऊ वर्षं अध्यक्ष होतो, आणि त्या नऊ वर्षांत एकदाही मतदान झालं नाही. वार्षिक सभेच्या दोन रविवार आधी कुणाच्या तरी घरी आम्ही पाच-सहाजण बसायचो, पोहे व्हायचे, यादी ठरायची. सभेत सूचक उठायचा, अनुमोदक उठायचा, मी विचारायचो, कुणाची हरकत आहे का, आणि उत्तर यायच्या आत टाळ्या सुरू व्हायच्या. मग मी माइकवरून सर्व पदाधिकारी बिनविरोध निवडून आल्याचं जाहीर करायचो आणि मला आनंद होत आहे असं म्हणायचो. तो खरंच व्हायचा. ब्रिस्टलला विमानांच्या इंजिनांवर काम करणारी माझी मुलगी एकदा सभेला आली होती. परत जाताना गाडीत म्हणाली, “बाबा, हा इलेक्शन नव्हता. हा फक्त क्लॅपिंग होता.” मी तिला म्हटलं, तुला आपल्या लोकांचं कळायचं नाही.

ही सवय मी घरून आणली होती. माझे वडील तालुक्याच्या गावी मास्तर होते आणि निवडणुका बिनविरोध करण्यात त्यांचा हातखंडा होता. ग्रामपंचायत असो नाहीतर दूध सोसायटी, अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी ते चार वजनदार माणसं बरोबर घ्यायचे आणि जो नको असेल त्या उमेदवाराच्या ओट्यावर जाऊन बसायचे. शिवीगाळ नाही, दमदाटी नाही. नुसतं बसायचं, हात जोडायचे, गावाच्या एकीबद्दल बोलायचं. दुपारपर्यंत तो माणूस चप्पल घालून यांच्याबरोबर अर्ज मागे घ्यायला निघायचा. गाव एक झालं की सरकारसुद्धा शाबासकी द्यायचं. लहानपणी मला याच्याहून मोठं काही कर्तृत्व असतं असं वाटत नव्हतं.

मीही एकदा तेच केलं होतं. बेसिंगस्टोकच्या आयटीतल्या एका मुलीनं मंडळाच्या सेक्रेटरीपदासाठी अर्ज भरला. आमच्या यादीत तिचं नाव नव्हतं. आम्ही तिघं तिच्या घरी गेलो. मंडळात फूट नको, पुढच्या वेळी तुझंच नाव, असं सगळं दीड तास चाललं. तिनं चहा केला, परत एकदा चहा केला, आणि शेवटी लॅपटॉप उघडून माघारीची ईमेल आमच्या डोळ्यांदेखत पाठवली. पुढच्या वेळी तिचं नाव घ्यायचा प्रश्न आला नाही, कारण तोवर तिनं मंडळात येणंच सोडलं होतं. कामात असेल, असं आम्ही म्हणालो.

तर तिकडे बहीण उभी राहिली आणि लोक तिच्याभोवती जमायला लागले. संध्याकाळी शाळेच्या व्हरांड्यात येऊन बसायचे. परदेशातून निवडणुकीवर नजर ठेवायला काही मंडळी आली होती, त्यांची जीप तिच्या गावाला येऊन गेली. त्यातल्या एका बाईनं तिला आपला फोन नंबर दिला आणि काहीही झालं तर कळवा म्हणाली. आणि मग, अर्ज मागे घ्यायची मुदत संपायला आठवडा असताना, गावची चार वडीलधारी माणसं तिच्या घरी येऊन बसली. त्यात एक तिचा चुलता होता. हात जोडले. गावाच्या एकीबद्दल बोलले. माघार घेतलीस तर छप्पर नक्की होईल म्हणाले. उठताना त्यातला एकजण एवढंच म्हणाला, की रस्ते चांगले नाहीत, शाळेत जाता-येता जपत जा.

ती बधली नाही. पण तिनं भावाला फोन केला, कारण मोठ्या निर्णयात ती फक्त त्याचं ऐकायची. आणि भावानं मला विचारलं.

त्या दिवशी आतड्याचं एक लांबलचक ऑपरेशन चाललं होतं. सर्जन पलीकडे वाकून काम करत होते, मॉनिटरची टिकटिक एका लयीत होती, पेशंटचं सगळं ठीक होतं. त्यानं स्टूल माझ्याजवळ ओढलं आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. मग म्हणाला, तुमचा देश इतकी वर्षं निवडणुका घेतोय, तुम्ही स्वतः निवडून येता, मी तिला काय सांगू? माघार घे म्हणू, की उभी राहा म्हणू? तिच्या जिवाचा प्रश्न आहे.

‘स्वतः निवडून येता’ हे त्यानं म्हटलं आणि माझी छाती फुगली. हे लिहायला मला लाज वाटते, पण तसंच झालं. मी त्याला मंडळाचं सांगितलं. वडिलांचं सांगितलं. ओट्यावर बसणारी चार माणसं सांगितली, आणि म्हटलं, बघ, तुमच्याकडेही चारच आली. म्हटलं, मतपेटीनं माणसं फुटतात. एकत्र बसून ठरतं ती खरी लोकशाही, ती आपल्या लोकांच्या रक्तातच आहे, गोऱ्यांना ती कळत नाही. आपल्या लोकांच्या म्हणताना मी त्यालाही त्यात धरलं, आणि त्याला ते आवडलं असं मला वाटलं. त्या जपत जा म्हणणाऱ्या म्हाताऱ्याबद्दल मी म्हणालो, तो काळजीनं म्हणाला असेल.

त्यानं मॉनिटरवरचे आकडे एकदा तपासले. मग त्यानं विचारलं, “आणि ज्यानं माघार घेतली, त्याचं पुढे काय होतं?”

“काय होणार?” मी म्हणालो. “चहा पितो आणि आपल्या कामाला लागतो.”

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कॉफीरूममध्ये बसून त्यानं तिला फोन लावला. मी समोरच सँडविच खात होतो. त्यांची भाषा मला येत नाही, पण फोनमधला तिचा आवाज मला टेबलापलीकडे ऐकू येत होता. आधी ती रागावली. मग हसली. फोन ठेवल्यावर तो म्हणाला, तयार झाली. काय म्हणाली, मी विचारलं. तो म्हणाला, “तू सांगतोस म्हणून, असं म्हणाली.”

घरी येऊन मी बायकोला हे मोठ्या तोंडानं सांगितलं. ती जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर आहे, दिवसभर लोकांचं ऐकून तिचे कान तयार झालेत. ती भात वाढता वाढता थांबली.

“अहो, आपल्या मंडळात कुणी हरलं तर त्याचं काय जातं? फार तर आरतीचं ताट हातात मिळत नाही. तुम्ही कुठलं कुठे लावलंत?”

मी म्हटलं, तिचा जीव वाचला ते बघ. तिनं पुन्हा भात वाढायला घेतला.

पुढचं मला तुकड्यातुकड्यानं कळत गेलं. तिनं माघार घेतल्यावर तो जिल्हा बिनविरोध झाला. जिथे लढतच नाही तिथे नजर कशावर ठेवायची, म्हणून ती परदेशी मंडळींची जीप दुसऱ्या जिल्ह्यात गेली. व्हरांड्यात बसणारे लोक उठून गेले. काही दुखावले गेले होते, काही उघडपणे म्हणाले की बाई विकली गेली. पक्षाच्या माणसाचा सत्कार झाला, टाळ्या झाल्या. छप्पर झालं नाही. निकालानंतर तीन आठवड्यांनी, सकाळी प्रार्थनेला मुलं उभी असताना, गाडी आली आणि तिला घेऊन गेली. तिनं त्या परदेशी बाईचा नंबर चुलतबहिणीला देऊन ठेवला होता. चुलतबहिणीनं दोन दिवस फोन लावला. तो बंद होता, ती मंडळी केव्हाच आपापल्या घरी गेली होती.

एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. जोवर ती उमेदवार होती तोवर तिच्या केसाला धक्का लागला असता तरी बोभाटा झाला असता. माघार घेतल्यावर ती फक्त एक मास्तरीण उरली, जिच्यावर पक्षाचा राग होता आणि जिच्यामागे आता कुणी नव्हतं. उभी राहिली असती तर वाचलीच असती असं मी म्हणत नाही. तसं कुणीच सांगू शकत नाही. पण एकटी पडली नसती. तिला एकटं पाडायची कल्पना माझी होती.

ही बातमी त्याला आली तेव्हा आम्ही सकाळच्या ऑपरेशनांच्या लिस्टची तयारी करत होतो. त्यानं फोन वाचला, खिशात ठेवला आणि सिरिंजा भरायला घेतल्या. एरवी प्रत्येक लेबल एकदा वाचायचा, त्या दिवशी दोनदा वाचलं. पहिला पेशंट झोपल्यावर त्यानं मला सांगितलं. मी त्याला घरी जा म्हटलं. घरी जाऊन काय करू, तो म्हणाला, आणि संध्याकाळपर्यंत उभा राहिला.

त्यानंतर आठ महिने काही कळलं नाही. कुठे ठेवलंय, का ठेवलंय, आहे की नाही. तिला ब्लडप्रेशर होतं, रोज दोन गोळ्या लागायच्या. त्या आत मिळत असतील का, हे त्यानं मला एवढ्या वेळा विचारलं की उत्तरं संपली. मी म्हणायचो, मिळत असतील. डॉक्टर म्हणून मला माहीत होतं की मिळत नसतील.

मी माझ्या खासदाराला पत्र लिहिलं. त्याच्या शुक्रवारच्या भेटीच्या वेळेत जाऊन बसलो. माझ्या पुढे एक बाई कौन्सिलनं झाड तोडल्याची तक्रार घेऊन आली होती, तिचं ऐकून घ्यायला पंधरा मिनिटं गेली. माझंही त्यानं नीट ऐकून घेतलं. सहा आठवड्यांनी उत्तर आलं. भाषा अत्यंत सभ्य. संबंधित व्यक्तीचं नाव त्या मतदारसंघातल्या उमेदवारांच्या यादीत आढळत नाही, तसंच त्या मतदारसंघात निवडणूक बिनविरोध झाल्यामुळे गैरप्रकाराची नोंद नाही, आणि तरीही एकूण परिस्थितीबद्दलची काळजी योग्य ठिकाणी व्यक्त करण्यात आली आहे. मी ते पत्र किचनमध्ये उभ्यानं वाचलं आणि भिंतीवर हात आपटला. राग त्या पत्राचा आला होता की माझा, ते सांगता येणार नाही. याच देशानं त्यांना निवडणुका शिकवल्या, म्हणजे आपण गेल्यावर कशा घ्यायच्या ते शिकवलं. स्वतः होते तोवर मुखिया नेमायचा आणि टाळ्या वाजवून घ्यायच्या. आणि मी कोण मोठा शहाणा? मी तर आपल्याच माणसांकडून टाळ्या वाजवून घेत होतो.

एकदा मी त्याला म्हटलं. औषधांच्या कुलूपबंद कपाटाच्या रजिस्टरवर दोघांच्या सह्या लागतात, आम्ही त्या करत होतो, आजूबाजूला कुणी नव्हतं. मी म्हणालो, माझं चुकलं. मी सांगायला नको होतं. त्यानं रजिस्टर माझ्याकडे सरकवलं, रकान्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, “इथे सही करा, डॉक्टर.” पुन्हा तो विषय त्यानं काढला नाही, मीही नाही. तो माझ्याशी पूर्वीसारखाच वागायचा, आणि ते मला जास्त लागायचं.

त्या वर्षीच्या मंडळाच्या सभेआधी मी पोहे होऊ दिले नाहीत. सगळ्या सभासदांना ईमेल पाठवली की या वेळी यादी नाही, ज्याला उभं राहायचं आहे त्यानं अर्ज भरावा, गुप्त मतदान होईल. आमचे खजिनदार फोन करून म्हणाले, “सर, तब्येत बरी आहे ना? कशाला उगाच लोकांच्यात लावून देताय?” मी पेटी तयार करून घेतली, चिठ्ठ्या छापल्या. त्या बेसिंगस्टोकच्या मुलीला मी स्वतः फोन केला. ती अतिशय गोड आवाजात म्हणाली, “नको काका, आम्ही आता वीकएंडला बाहेर असतो.” मुदत संपली तेव्हा सात जागांसाठी बरोबर सात अर्ज आले होते. पेटी तशीच गाडीच्या डिकीत टाकून मी घरी आलो. नऊ वर्षं मी लोकांना न विचारण्याची सवय लावली होती आणि ती त्यांना चांगली लागली होती. अध्यक्षपद मी सोडलं. निरोपाला शाल दिली, ती अजून पिशवीत आहे.

आठ महिन्यांनी ती सापडली. एका सरकारी दवाखान्याच्या फाटकाबाहेर तिला कुणीतरी बसवून गेलं होतं. उजवा हात आणि उजवा पाय गेलेला, तोंड वाकडं. गोळ्या न मिळाल्यानं मेंदूतली रक्तवाहिनी फुटली असणार, आणि तीही काही महिन्यांपूर्वी. वेळेवर कुणी पाहिलं असतं तर बरंच वाचलं असतं. चुलतभावंडांनी तिला सीमेपलीकडे शेजारच्या देशात हलवलं. आमचा माणूस रजा काढून तिला भेटून आला. परत आल्यावर त्यानं रिपोर्ट माझ्यासमोर ठेवले आणि विचारलं, बोलणं सुधारेल का? मी खरं सांगितलं. या वेळी खरं सांगितलं.

त्यानंतर महिन्याभरानं तो म्हणाला, शनिवारी दुपारी घरी जेवायला या. ताईला तुमच्याशी बोलायचंय.

आठवडाभर मला जेवण गेलं नाही. तिनं त्याला विचारलं असणार की हे तुझ्या डोक्यात कुणी भरवलं, आणि त्यानं सांगितलं असणार. सांगायलाच हवं होतं, तिचा तो हक्कच होता. मी बायकोला म्हटलं, काहीतरी निमित्त काढून टाळतो. ती म्हणाली, “जा. ती जे बोलेल ते खाली मान घालून ऐकून घ्या आणि माफी मागा. कारणं देत बसू नका.” बेसिंगस्टोकच्या ट्रेनमध्ये मी ती माफी मनातल्या मनात चार-पाच वेळा म्हणून पाहिली. मी गर्वानं बोललो. मला तुमच्या देशाचं काही माहीत नव्हतं. माझ्यामुळे हे झालं. एवढी तीन वाक्यं.

त्याच्या बायकोनं जेवण मांडून ठेवलं होतं, पण आधी फोन झाला. त्यानं फोन टेबलावर बरणीला टेकवून उभा केला आणि माझ्या शेजारी बसला. पडद्यावर ती आली. पांढरे केस बारीक कापलेले, अंगावर इस्त्रीचा ब्लाउज, कुणीतरी गळ्यापर्यंत नीट बटणं लावून दिलेली. तिनं इंग्रजीतून बोलायला सुरुवात केली. जड जिभेनं, एकेक शब्द निवडून, पण वाक्यं शाळामास्तरणीची, कर्ता-कर्म-क्रियापद सगळं जागेवर. तिनं माझी, माझ्या बायकोची, माझ्या मुलीची चौकशी केली. भावाला सांभाळून घेता म्हणून आभार मानले. मी माझं पहिलं वाक्य जिभेवर आणलं होतं.

तेवढ्यात ती म्हणाली, “त्यानं मला सगळं सांगितलंय. तुम्ही त्याला म्हणाला होतात, तिला उभी राहू दे. आमच्या देशात असं भिऊन चालत नाही, असंही म्हणाला होतात. त्यानं ऐकलं नाही. लहानपणापासून घाबरट आहे तो.”

मला काही समजेना. मी त्याच्याकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघत नव्हता. दोन्ही हात टेबलाखाली घेऊन तो पडद्यावरच्या बहिणीकडे बघत होता.

“आत असताना मला वाटायचं, मी उभी राहिले हेच चूक होतं,” ती म्हणाली. मध्ये थांबून तिनं डाव्या हातानं रुमाल घेऊन तोंड पुसलं. “सगळे तेच म्हणत होते. गाव म्हणत होतं, चुलते म्हणत होते, हासुद्धा म्हणाला. बाहेर एक माणूस होता जो म्हणत होता की माझं बरोबर आहे. हे मला तेव्हा माहीत असतं तर फार बरं झालं असतं.”

मग तिनं मान थोडी पुढे आणली आणि वर्गात विचारावं तसं विचारलं, “तुम्ही म्हणाला होतात ना?”

टेबलाखाली त्यानं माझं मनगट धरलं. घट्ट नाही, पेशंटची नाडी बघायला धरतो तेवढंच.

“हो,” मी म्हणालो. “मी म्हणालो होतो.”